चमचाभर पाणी

आईने परसात यंदा पहिल्यांदाच पॉपकॉर्नचा मका लावला होता. त्यातले वीस दाणे तिने माझ्यासमोर गरम तेलात टाकले. तीनच फुटले. बाकीचे तळाशी काळे पडत गेले.

"पाणी घातलं, तण काढलं, पाखरं हाकलली. आणि शेवटी हे," ती कढईकडे बघत म्हणाली.

"कणसं वाळवलीस कुठे?"

"बाबांच्या खोलीत, हिटरच्या वर दोरी बांधून. दिवसभर मी तिथेच तर असते."

बाबा आठ महिने अंथरुणाला खिळून होते आणि तो हिटर दिवसरात्र चालू असायचा.

"अगं, दाण्याच्या आत थोडा ओलावा लागतो. त्याची वाफ होते, तेव्हा दाणा फुटतो. हे पार खडखडीत झालेत."

"कारण कळलं. आता उपाय सांगा, शास्त्रज्ञ बाई."

"सोपा आहे. दाणे बरणीत भरायचे, चमचाभर पाणी घालायचं, झाकण घट्ट लावायचं. दिवसातून दोन-तीनदा बरणी हलवायची. चार दिवसांत छान फुटायला लागतील. उद्या सकाळी निघण्याआधी मी भरून देते."

आईने गॅस बंद केला आणि कढई खाली उतरवली.

"बरणी मी हलवेन गं," ती म्हणाली. "तू चार दिवस राहा आणि दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळव."