तळं ताण शिकतं

पाणी बंद करून चाळीस दिवस झाले, आणि त्या सकाळी सारिकाला राहवेना. डाळिंबाची झाडं पार पिवळी पडली होती. "पुरे झालं, आज पाणी सोड," बांधावर उभी राहून ती शेततळ्याला म्हणाली.

माळावरचं ते दीड एकराचं तळं पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेलं होतं. मुळांशी पुरलेल्या तारांमधून त्याला झाडांची तहान कळायची, आणि कळली की ते आपणहून झडप उघडायचं. या मायेपायी दोन वर्षं बाग नुसती हिरवीगार माजली, फूल म्हणून धरलं नाही. बहार हवा तर डाळिंबाला आधी ताण द्यावा लागतो, पाणी तोडून पानं गळू द्यावी लागतात, हे तळ्याला माहीतच नव्हतं. म्हणून यंदा विचारल्याशिवाय झडप उघडायची नाही असं बजावून सारिका रोज त्याच्याशी भांडत होती. "झाडं तहानलीत, सोडू का?" ते विचारायचं. ती म्हणायची, "नको."

आज उलटंच झालं.

"नको, ताई," खांबावरच्या कर्ण्यातून तळं म्हणालं. "निम्मी पानं अजून झाडावर आहेत. जीव तुटला तरी हात आवरायचा, तुम्हीच सांगितलंत."

सारिका घराकडे पळत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्या तळ्याला शेती कळायला लागली."

त्यानंतर पाचव्या सकाळी, झाडांवरची जवळजवळ सगळी पानं गळाल्यावर, तळ्याने काही विचारलं नाही. झडप उघडल्याचा आवाज आला, तेव्हा हातातला चहा तसाच टाकून सारिका अनवाणी बागेकडे धावत सुटली.