घरात माणसं किती

“बाकावर नको, दोंग, त्याचा पाय हलतोय. इकडं खुर्चीत बस,” नानाय सेपा म्हणाली. गावातल्या सगळ्या पोरांना ती दोंग म्हणायची आणि पोरं तिला नानाय, म्हणजे आई.

पिस्तो खुर्चीत बसला. मांडीवर नगरपालिकेचा छापील तक्ता ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

बालिगान नगरपालिकेची माहितीपुस्तिका दरवर्षी तोच लिहायचा. वाड्या चौदा, विहिरी एकतीस, नारळाची झाडं अंदाजे. एक पान रीतिभातींचं असायचं: पावसासाठी संताची मिरवणूक, मयताच्या घरी नऊ दिवस खराटा न धरणं, होडीला पहिलं नाव आईचं देणं, असलं काहीबाही. शेवटी माणसं. तेवढ्यासाठी मात्र तो घरोघर हिंडायचा.

आज तक्ता नुसता निमित्ताला होता. सेपाचा एकुलता एक मुलगा काद्यो मालवाहू जहाजावर खलाशी होता. गेल्या गुरुवारी वादळात लाटेनं त्याला जहाजावरून ओढून नेलं. चार दिवस शोधून जहाजवाल्यांनी हात टेकले. घरी फोन लागेना, म्हणून त्यांनी आज सकाळी नगरपालिकेत कळवलं, आणि मेयरबाईंनी तो निरोप पिस्तोच्या गळ्यात घातला. “तुम्ही दोघं एका बाकावर शिकलात. तूच सांग,” असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून रडत बसल्या. पिस्तोला रडायलाही सवड मिळाली नव्हती.

आतून रोविलिन आली, काद्योची बायको. दिवस भरत आलेले. एका हातात उकडलेल्या केळ्यांची ताटली, दुसरा हात कमरेवर. पिस्तोला ती मानोंग, म्हणजे दादा म्हणायची.

“मानोंग, नानायना तुम्हीच काहीतरी सांगा. शुक्रवारपासून खराटा लपवून ठेवलाय. घरात केर किती साचलाय बघा. म्हणतात, पोट घेऊन वाकायचं नाही.”

“मग काय चुकलं?” सेपा म्हणाली. “पहिलं लेकरू पायरीवरून घसरलीस तेव्हा गेलं. ह्या खेपेला वेळ पडली तर खांबाला बांधून ठेवीन तुला.”

“आमच्या मिंदानाव बेटाकडं सासवा सुनांना राबवून मारतात. इथं बसवून मारतायत.”

“बरी आहे की मी मग.”

“आणि माझा फोन? तांदूळ धुतलेल्या पाण्यात फोन कुणी बुडवला, मानोंग, तेही विचारा. तिकडं काद्यो मला शिव्या देत असेल.”

“हात थरथरतात गं माझे. वय झालं.”

रोविलिन हसली. पिस्तोही हसला, म्हणजे तोंड तसं केलं. फोन बुडाला ते बरंच झालं, त्याच्या मनात आलं. नाहीतर ही पोर जेवताजेवता तो निरोप एकटीनं ऐकती. त्यानं केळ्याचा तुकडा तोंडात घातला.

“डुकराला घालून येते,” म्हणत रोविलिन परसात गेली.

आता घरात दोघंच होते. सांगायचं तर आत्ताच. पिस्तोनं तक्ता बाजूला केला. सेपानं किटली उचलून त्याच्या कपात आल्याचा काढा काठोकाठ ओतला, एक थेंब सांडला नाही.

“नानाय,” तो म्हणाला.

“दोन आठवडे राहिलेत,” सेपा परसाकडं बघत म्हणाली. “सुईण कालच बघून गेली. म्हणाली, पोरीला धक्का बसू देऊ नका, तेवढं सांभाळलं तर सगळं सुखरूप होईल. दोनच आठवडे रे.”

पिस्तोचं उरलंसुरलं अवसान तिथंच गळालं. ह्या घरात अजून दोन आठवडे काद्यो जिवंत राहणार असेल, तर त्याला आज मारणारा मी कोण? मेयरबाई काय बोलायचं ते बोलू देत. बाळ होऊ दे. मग येईन, ह्याच खुर्चीत बसेन आणि सांगेन. नाहीतरी आज ते शब्द त्याच्या तोंडून फुटणार नव्हते, आणि त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं.

त्यानं तक्ता परत मांडीवर घेतला. “घरात माणसं किती, नानाय?”

सेपानं एकदा परसाकडं बघितलं. “तीन लिही.”

बालिगानमध्ये जहाजावर गेलेला माणूस घरातच धरतात. वरच्या कचेरीच्या नियमात ते बसत नाही, पण आईच्या समोर बसून तिच्या पोराचं नाव गाळायची छाती कुणाची? पिस्तोनं आजवर एकही नाव गाळलं नव्हतं. त्यानं न विचारताच नावं भरायला घेतली. तिसरं लिहिताना अक्षर वेडंवाकडं झालं, तेव्हा त्यानं तेच परत नीट गिरवलं.

“वाच बघू काय लिहिलंस,” सेपा म्हणाली. “माझा चष्मा आत आहे.”

“एक, होसेफा, कुटुंबप्रमुख. दोन, रोविलिन, सून. तीन, अर्काद्यो, मुलगा. खलाशी.” खलाशी म्हणताना त्याचा आवाज चिरकला. त्यानं खोकल्यासारखं केलं आणि कप तोंडाला लावला.

परसातून रोविलिनचा आवाज येत होता. डुकराला ती लाडानं दटावत होती.

सेपानं हात लांब करून त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि खाली ठेवला.

“काद्योचं नाव खोड, दोंग. तिसरं रोविलिनच्या पोटात आहे.”

पिस्तोनं तिसऱ्या नावावर पेन टेकवलं.

“रडायचं असेल तर खाली होड्यांपाशी जाऊन रड,” ती हळू आवाजात म्हणाली. “शुक्रवारी जहाजावरून फोन आला तो मीच उचलला. तिला मी अजून कळू दिलेलं नाही.”