आईचा भाला

गेरूने माखलेली आई गुडघे पोटाशी घेऊन खड्ड्यात निजली होती. शिकारी गेला की त्याचा भालाही मोडून त्याच्या हातात पुरायचा, ही रीत. मामाने भाला मोडायला दगड उचलताच लेक थायाने त्याचं मनगट धरलं. मिठाच्या तळ्याकाठी हरणाएवढ्या, लोकरीच्या विकुन्यांचा कळप चरत होता! “मामा, माती पडण्याआधी भाल्याने शिकार केली, तर तो मोडत नाहीत ना?” “नाही. पण तुझा नेम? परवा माझ्या तंबूला लागला!” बायका तोंड दाबून हसल्या. थाया भाला घेऊन दबकत निघाली, शेवटी धावलीच. छाती फुटायला आली. तिने श्वास रोखून भाला फेकला. विकुना कोसळला! “लागला!” मामाच किंचाळला, दगड टाकून नाचू लागला. एकाएकी थबकला. “अगं, आता ताईच्या हातात काय द्यायचं?” थायाने विकुन्याचं गरम काळीज आईच्या गार तळव्यावर ठेवलं. “पहिला घास भाल्याच्या मालकिणीचा.”