पाठ लागली तरी

कृष्णातची पाठ मातीला लागली आणि तालमीतल्या पोरांनी एकच गलका केला. ढाकेचा डाव होताच तसा. मान बगलेत धरून सिकंदरनं त्याला कमरेवरून असा फिरवला, की तांबडी माती कोनाड्यातल्या मारुतीपर्यंत उडाली. गणपती वस्तादांनी खुशीत मांडीवर थाप मारली. दोन्ही चेले त्यांचेच. कृष्णात राधानगरीचा, तालमीचा आजचा गडी. सिकंदर दोन वर्षांपूर्वी नौदलात गेलेला, आता तिथल्या नव्या कमांडो तुकडीतून रजेवर आलेला. जिंको कुणीही, छाती वस्तादांचीच फुगणार होती.

“झाली रं! सोड आता,” ते म्हणाले.

सिकंदरनं सोडलं नाही.

कोल्हापुरात पाठ लागली की कुस्ती संपते. मग पाडणाऱ्यानं पडलेल्याला हात देऊन उठवायचं, त्याच्या अंगावरची माती झाडायची. ही रीत इथल्या पोराला लंगोट बांधता येण्याआधी कळते. सिकंदरला तर ती वस्तादांनी छडीनं शिकवली होती. आणि आता त्याचाच हात कृष्णातच्या गळ्याभोवती आवळत चालला होता.

“सोड की! ऐकू येत न्हाय व्हय रं? मरंल की त्ये!”

कृष्णात टाचा घासू लागला. तोंड आधी लाल झालं, मग वांग्यासारखं काळंनिळं. दोघांनी सिकंदरचा हात ओढला, एकानं केस धरले. वस्तादांनी छडी त्याच्या पाठीवर मोडली. वळ उठले, कातडं फुटलं, पण हात तसूभर हलला नाही. डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांना तालीम दिसत नव्हती.

“पाणी मारा त्येच्यावर!” कुणीतरी ओरडलं. आखाड्यात कुणाचं डोकं फिरलं की हाच इलाज. एकानं हौदातली घागर आणून सिकंदरच्या तोंडावर रिकामी केली.

तिथंच घात झाला. पाणी पडताच सिकंदरनं ओठ मिटले आणि गाल फुगवून श्वास कोंडला. पाय मातीत संथ हलू लागले, पोहणाऱ्याचे हलतात तसे. मिठी आणखी आवळली. कृष्णातच्या तोंडाला फेस आला.

वस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी चहा पिताना सिकंदरच कौतुकानं सांगत होता. नौदलातले उस्ताद एकाहत्तरच्या लढाईतले, बंदरात पोहत जाऊन जहाजं बुडवणारी माणसं ज्यांनी तयार केली असे. ते पोरांना पाण्याखाली एकमेकांच्या अंगावर सोडत.

“गळा धरला की म्होरचा ढिला पडंपातुर सोडायचा न्हाय, वस्ताद. आधी सोडला तर त्यो आपल्याला बुडिवतोय.”

“आन् पाठ लागली तर?” वस्तादांनी हसत विचारलं होतं.

“पाण्यात पाठ लागायला जमीन कुठनं आणायची?”

म्हणजे ढिला पडेपर्यंत. पण कृष्णात ढिला पडणार नव्हता. ते वस्तादांनी त्याला शिकवलंच नव्हतं. तो जीव असेपर्यंत झुंजणार होता आणि मेल्यावरच सुटणार होता.

सकाळची आणखी एक गोष्ट वस्तादांना आठवली. दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीस म्हणून त्यांनी लाडानं हात उगारला, तेव्हा सिकंदरनं हसत दोन्ही कान झाकले होते. “कुठंबी मारा, वस्ताद, कान तेवढा सोडा. हाड मोडलं तर सांधतंय. कानाचा पडदा फाटला, की माझं पाण्याखाली जाणं कायमचं बंद. घरी लावून देत्यात.” छडीनं न सुटलेला हात सुटला तर तिथंच सुटणार होता.

वस्तादांनी मोडकी छडी टाकली आणि मातीत गुडघे टेकले. उजव्या हाताचा तळवा पोकळ केला. असा हात त्यांनी आयुष्यात कुठल्या चेल्यावर टाकला नव्हता. त्यांना रडू येत होतं. हात मात्र नेमका गेला, सिकंदरच्या डाव्या कानावर.

मिठी सुटली. कृष्णात कुशीवर वळला. करवत चालावी तसा आवाज करत त्यानं श्वास ओढला, मग सकाळचं सगळं दूध ओकला. पोरगं जगलं.

सिकंदर उठून बसला. त्यानं कृष्णातकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“म्या केलं व्हय ह्ये?”

त्याच्या कानातून निघालेली रक्ताची धार मानेवरून मातीत उतरत होती. त्यानं नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि आतल्या आत जोर लावला, पाणबुडे लावतात तसा. फुटक्या कानातून हवा फुस्सकन बाहेर गेली. पोरांनासुद्धा ती ऐकू आली.

“कानावरच, वस्ताद?” त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. “सकाळी सांगितलं हुतं की मी तुमास्नी.”

वस्तादांनी आपल्या धोतराचा सोगा त्याच्या कानाला लावला.

“सांगितलं हुतंस,” ते म्हणाले. “म्हणूनच तितं मारलं.”