कोरा बर्फ

जपानमधल्या हाकुबाच्या डोंगरात हिवाळी फोटो काढणाऱ्यांचा एकच धर्म: फ्रेममधला बर्फ तुडवायचा नाही. मोमोसेने तो तीस वर्षं पाळला होता. रानाच्या कडेने अर्ध्या तासाचा वळसा पडला तरी चालेल, पण समोर पाऊल उमटता कामा नये.

आज तो सगळ्यांच्या आधी टेकाडावर पोचला. बर्फ काल संध्याकाळीच थांबला होता, वारा तर नव्हताच. शिखराला पहिलं ऊन लागलं आणि त्याने फोटो टिपला. छाती अभिमानाने फुलली.

त्याचा जुना दोस्त फुरिहाता मागून धापा टाकत आला.

"बघ, आहे कुठे डाग?" मोमोसे म्हणाला. "लोक उगाच नाव घेत नाहीत माझं!"

"पुरे तुझी फुशारकी," फुरिहाता हसला आणि मागे वळून थबकला. "अरे, तू वर आलास कुठून?"

"कुठून म्हणजे? याच वाटेने."

वाटेवर पावलांची एकच रांग होती. फुरिहाताची.

ट्रायपॉडचे तिन्ही पाय बर्फात खोल रुतले होते. मोमोसेने सावकाश आपला बूट उचलला.

खालचा बर्फ कोरा होता.