घायपाताची दारू

पोलीसपाटील उत्तमराव तब्येतीच्या परमिटवर रोज व्हिस्की घेत. अमेरिकेहून आलेल्या पुतण्यानं टकिला आणली, तेव्हा मीठ-लिंबाची ताटली धरून उकंडा उभा राहिला. मोहाची भट्टी लावली म्हणून, उत्तमरावांच्याच साक्षीवर, सहा महिने तुरुंगात काढून आलेला हा उकंडा आता त्यांच्याच घरी राबत होता.

"कायची हाय बे ही?"

"आपल्या धुऱ्यावरच्या घायपातासारख्या झाडाची, काका. भट्टी लावून गाळतात. तिकडं अख्खं गाव त्याच्यावर जगते."

उत्तमरावांनी मीठ चाटलं, पेला रिकामा केला, लिंबू चोखलं.

"वा! याले म्हणतात हातचा हुन्नर."

उकंडाच्या मुठीतली लिंबाची फोड पिळून निघाली.

"मालक," तो म्हणाला, "त्या गावाले पोलीसपाटील नसन."