खुआन आमाचा कौल

“देवी नको म्हणाली,” खुआन आमा म्हणाली. साबणाची वडी मात्र तिनं पिशवीत टाकली. “यिनोची झबली धुवायला होईल.”

नर्स पेइरूच्या हातातली सुई हातातच राहिली. साबण लस घेणाऱ्यांसाठी होता. सरपंच सकाळपासून देवळाच्या भोंग्यावरून तेच तर कोकलत होते: फ्लूची लस फुकट, वर एक साबण. गावानं त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं. साबण संपत आले होते आणि लशीची पेटी जशी आणली तशी भरलेली होती. आरोग्य केंद्रातून पेइरूबरोबर आलेले डॉक्टर कानांना नळी लावून बसले होते, पण तपासायला एकही छाती पुढे येत नव्हती.

सगळं अडलं होतं ते गावच्या या आजीपाशी, खुआन आमापाशी. समुद्र राखणाऱ्या माझूदेवीच्या देवळासमोर पत्र्याची छपरी होती. गावातल्या म्हाताऱ्या तिथं ओळीनं बसून कालवं फोडायच्या आणि त्या ओळीतलं पहिलं स्टूल आमाचं. ती हसली की ओळ हसायची. तिनं लस नाकारली की ओळ नाकारायची. गेल्या थंडीत तिला फ्लू झाला, तर ओळसुद्धा मन लावून खोकली होती. तरी यंदा कारणं तीच. एकीचा दंड दुखेल, मग कालवं कोण फोडणार? दुसरीच्या जावेच्या विहिणीला लस घेऊन ताप आला होता. तिसरी म्हणाली, “आमाला विचार.” आणि आमा म्हणायची, देवीला विचार.

तीन वर्षं पेइरू हेच ऐकत होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा निदान उलटून बोलत नाही.

“थांबा आमा.” आज तिनं टेबल सोडलं. “चला आत. माझ्यासमोर लावा कौल.”

“देवीला सारखं सारखं छळू नये गं पोरी. तिला काय तेवढंच काम आहे?”

“मलापण नाही.”

छपरीतल्या सुऱ्या थांबल्या. बायका हात पुसत मागोमाग आल्या. अशी गंमत कोण सोडतंय?

आमानं उदबत्ती लावली. लाल लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत घेतल्या, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि ओंजळ सोडली. टक, टक. एक पालथी, एक उताणी पडली असती तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या.

“नाही,” आमा समाधानानं म्हणाली. “बघितलंस? आता देवीलापण साबण देऊन बघ.”

मागे खसखस पिकली. पेइरूला देवळातच किंचाळावंसं वाटलं. सतरा गावं फिरायची, पेटीतला बर्फ सांभाळायचा, वरिष्ठांची बोलणी खायची आणि शेवटी दोन लाकडांनी हरवायचं. ती कपाळाला हात लावून वळणार, तेवढ्यात तिच्या मनात एक शंका आली.

“आमा, तुम्ही नक्की विचारलंत काय?”

“काय म्हणजे? दरवर्षी विचारते तेच. या थंडीत मी मरणार का? ती म्हणते, नाही. मग उगाच कशाला भोसकून घेऊ?”

पेइरूनं देवीकडे पाहिलं. तीन वर्षं ती त्या बिचारीशी मनातल्या मनात भांडत होती, आणि लशीबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं.

हसावं की रडावं तेच तिला कळेना. आमाच्या गळ्यात फोन लटकत होता, त्यावर यिनोचा फोटो. आमाच्या नातवाची लेक, दोन महिन्यांची. तिच्या आईची रजा संपत आली होती, रविवारपासून यिनो आमाकडेच राहणार होती. पाळणा धुऊन उन्हात ठेवलाय, हे ओळीनं इतक्यांदा ऐकलं होतं की पाळण्याचा रंगसुद्धा तोंडपाठ झाला होता.

“बरं,” पेइरू म्हणाली. “आता यिनोचं विचारा.”

“तिचं काय?”

“इतक्या लहान बाळाला ही लस देता येत नाही, आमा. तुम्ही खोकणार आणि रात्रभर तिला कुशीत घेऊन झोपणार. तुम्हाला फ्लूनं सोडलं. तिला सोडेल का, तेवढं विचारा देवीला. ती हो म्हणाली तर मी पुन्हा तुमच्या वाटेला येणार नाही.”

खसखस थांबली. आमानं वाकून कोरी उचलल्या. ओंजळ छातीशी धरली. ओठ हलले: यिनोचं पूर्ण नाव, घराचा पत्ता, गल्लीचा नंबर, देवीची चूक होऊ नये म्हणून सगळं नीट. मग ओठ थांबले. उदबत्तीची राख वाकली आणि गळून पडली. ओंजळ सुटेना.

“टाक की आमा,” मागून कोणीतरी म्हणालं.

आमानं कोरी तबकात ठेवल्या, हळूच, एकमेकींवर वाजू न देता. कोणाकडे न बघता ती बाहेर आली. डॉक्टरांसमोर बसून छाती तपासून घेतली, मग पेइरूपुढचं स्टूल ओढलं आणि बाही खांद्यापर्यंत वर केली. दंडाला कालवांचा वास होता. तिच्यामागे एकेक करत ओळ येऊन उभी राहिली, दंड दुखेल म्हणणारीसुद्धा.

पेइरूनं सुई टोचली, कापूस दाबला. मग न राहवून तिनं हळूच विचारलं, “काय म्हणाली देवी?”

“विचारलंच नाही.” आमानं बाही खाली ओढली. “माझं काय गं, माझ्याबद्दल ती ‘हो, मरशील’ म्हणाली असती, तरी मला चाललं असतं.”